अर्धी सोडलेली पट्टी

सुखदेव निवंगुणे गेली कित्येक वर्षं पहाटे उठत होता. पण पहाटे उठणाऱ्या माणसाच्या तोंडावर जी टवटवी असते असं म्हणतात, ती त्याच्या वाट्याला कधी आली नाही. तो फिरायला जाण्यासाठी उठत नसे, की पूजेसाठी उठत नसे. अंधारात चष्मा चाचपायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि मार्केट यार्डात चहाची गाडी लावणाऱ्या समाधानला फोन करायचा, एवढ्यासाठी तो उठे.

"कोणी बसलंय का रे?"

पलीकडून स्टोव्हची घरघर आणि गोण्या आपटल्याचे आवाज येत. समाधान मान लांब करून गाळ्यांची रांग बघून घेई.

"शटरं दोन-चार वर हायेत, पर मशीनवर कोण न्हाई अजून. मारा तुम्ही."

मग सुखदेव एक ओळ टाइप करी. कांदा-बटाट्याच्या एका अख्ख्या रांगेतल्या अडत्यांचं काम ज्या प्रोग्रामवर चाले, त्याचा डेटाबेस क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होई. तो स्वतः एक पान उघडून बघे. उघडलं, की लॅपटॉप मिटे. झोप मात्र तोवर उडालेली असे.

"झालं का मारून?" राधा अंथरुणातूनच विचारी.

"झालं."

"मग दूध तापवा."

सणवार असो, अंगात ताप असो, हे चुकत नसे. मुलीचं लग्न झालं त्या पहाटेसुद्धा सुखदेव मंगल कार्यालयाच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, आणि सनईवाला त्याच्या शेजारी बसून विडी ओढत होता. दोघंही आपापल्या कामाची वाट बघत असावेत असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं.

त्याची कंपनी म्हणजे कर्वेनगरात एका मेसच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. दुपारी जिन्यातून फोडणीचा वास वर येई आणि कामात लक्ष लागत नसे. ज्यांनी कंपनी काढली ते थोरले साहेब वारले, आता त्यांचा मुलगा इंद्रजीत बघत होता. त्याला नवीन नवीन कामं मिळवायची असत. त्याच्या हाताखालची मुलं वर्षभर टिकत आणि हिंजवडीला किंवा बाणेरला निघून जात. सुखदेव तेवढा जागेवरून हलला नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेतंय, आणि यार्डाचा जुना प्रोग्राम त्याच्याशिवाय कुणाला कळतोय, अशा दोन बाजूंनी तो तिथे अडकला होता.

प्रोग्राम त्यानेच लिहिला होता, उमेदीच्या काळात. शेतकऱ्याचा माल अडत्याने विकला, की किती गोण्या, किती वजन, काय भाव, हमाली किती कापली, हे सगळं लिहून शेतकऱ्याच्या हातात जी चिठ्ठी देतात तिला यार्डात पट्टी म्हणतात. पूर्वी दिवाणजी ती कार्बन घालून हाताने लिहीत. सुखदेवने ती पडद्यावर आणली, आणि थोरल्या साहेबांनी सगळ्यांना बर्फी वाटली होती.

दुखणं नंतर सुरू झालं. गाळे वाढले, आणि एके सकाळी ऐन बाजाराच्या वेळी सगळ्यांच्या पडद्यावर पांढरं पान आणि त्यावर एक लाल ओळ आली. डेटाबेसची जोडणी मिळत नाही, असा त्या इंग्रजी ओळीचा अर्थ. व्यापाऱ्यांनी तिचं नाव लाल रेघ ठेवलं. "आली हो तुमची लाल रेघ," असा फोन आला, की सुखदेव हातातलं काम टाकून यार्डाकडे धावे.

ही जोडणी काय प्रकार आहे, हे त्याने एकदा समाधानला त्याच्याच गाडीवर उभं राहून सांगितलं होतं. "तुझ्याकडे ग्लास किती? मोजकेच ना. गिऱ्हाइकाने चहा प्यायचा, ग्लास परत द्यायचा, तू विसळून दुसऱ्याला द्यायचा. आता समज, माणसं ग्लास घेऊन गेली आणि परतच केले नाहीत. मग किटलीत चहा आहे, गिऱ्हाईक उभं आहे, पण ओतायचा कशात? तसं आहे हे. डेटाबेसकडे जोडण्या मोजक्या. प्रत्येकाने घ्यायची, काम झालं की सोडायची. कोणीतरी सोडत नाहीये."

"मग जाऊन मागून आणायचे ग्लास," समाधान म्हणाला. "मी तर तेच करतो. दुपारच्याला समद्या गाळ्यांत फेरी मारतो."

सुखदेव हसला होता. त्याची फेरी म्हणजे ते पहाटेचं बंद करून सुरू करणं. सगळ्यांच्या हातातले ग्लास एकदम काढून घ्यायचे.

उपाय त्याने थोडे केले नव्हते. जोडण्यांची संख्या वाढवून बघितली. चार दिवस बरे गेले, मग जुनं मशीन धापा टाकायला लागलं, आणि ती पुन्हा खाली आणावी लागली. रिकामी पडून राहिलेली जोडणी थोड्या वेळाने आपोआप तुटेल अशी सोय केली. पण कांद्याच्या बाजारात एक पट्टी तास-तास उघडी राहते. शेतकऱ्याच्या गोण्या एकेक करून काट्यावर येतात, मध्येच हमाल तंबाखू मळायला बसतो, मध्येच भावावरून बोलाचाली होते. पट्ट्या अर्ध्यातच तुटायला लागल्या आणि दिवाणजी लोकांनी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. तेही मागे घेतलं. मग पहाटेचं काम यंत्रावरच सोपवून बघितलं. एका पहाटे ट्रक लवकर लागले होते, एक अडत्या अंधारातच मशीनवर बसला होता, आणि तो लिहीत असलेल्या पट्ट्या पुसल्या गेल्या. तेव्हापासून 'माणसाने बघून, विचारून करायचं' असा नियम झाला, आणि तो माणूस सुखदेव झाला. एकदा आठवडाभर ते काम सार्थक नावाच्या नव्या मुलावर टाकलं. तिसऱ्या दिवशी सार्थक झोपून राहिला आणि यार्डाची सकाळ बोंबलली.

अडकून पडलेल्या जोडण्यांची यादी तो बघे तेव्हा त्याला एवढंच दिसे, की त्या सगळ्या आदल्या संध्याकाळच्या आहेत, आणि सगळ्या 'नवीन पट्टी' या पानावरच्या. दिवाणजी पोरं पान उघडं टाकून घरी जात असणार, दुसरं काय. त्याने सूचना काढली, मीटिंगमध्ये हात जोडून सांगितलं. "हो हो, सांगतो पोरांना," असं सगळे म्हणत. दुसऱ्या पहाटे यादी तशीच असे. हळूहळू त्याने कारण शोधायचंच सोडून दिलं. पाठदुखी असते तशी ही असणार, असं त्याने धरून टाकलं.

ते तसंच चाललं असतं. पण त्याची आई पडली.

मथुराबाई पानशेतच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला एका वाडीत एकटीच राहत असे. पत्र्याचं घर, चार कोंबड्या, परसात घेवडा. वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. वरच्या खिंडीत चढून गेलं, तर वारा असेल त्या बाजूला एखादी काडी दिसे. रेंज नाही म्हणजे पहाटे यार्डाला हात लावता येणार नाही, म्हणजे मुक्काम नाही, हा हिशेब सुखदेवच्या डोक्यात इतका बसला होता की त्याचं त्यालाही काही वाटेनासं झालं होतं. सकाळी उशिरा निघायचं, दुपारी पोचायचं, ऊन उतरायच्या आत परत. वडिलांच्या दहाव्यानंतर तो त्या घरात रात्रीचा निजला नव्हता.

या खेपेला आई हंड्यासकट घसरली होती. हाड मोडलं नव्हतं, पण मांडी काळीनिळी झाली होती आणि डोळ्यांनाही आता कमी दिसत होतं. शेजारचा सुखदेवला बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या येळंला आम्हाला कळंलच असं न्हाई."

सुखदेव आणि राधा तिच्यापुढे बसले. ती इतक्या लवकर कबूल होईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"येते की. मी कुठं न्हाई म्हनते?" मथुराबाई म्हणाली. "पर घर सोडायचं तर घरातनं उठून सोडायचं. रातच्याला चूल पेटवायची, समद्यांनी हितं निजायचं, पहाटं देवाला सांगायचं, आन् दार ओढायचं. तू येतोस दुपारचा, च्या पितोस, घड्याळ बघतोस. तुझ्यासंगं असं निघाले, तर पावण्याच्या गाडीत बसल्यागत व्हईल."

"आये, एका रात्रीने काय होतंय?"

"मी बी त्येच म्हनते. एका रातीनं काय व्हतंय?"

राधा म्हणाली, "मी राहते ना तुमच्याजवळ. हे सकाळी गाडी घेऊन येतील."

"तू ऱ्हाशील गं. तुजं काय न्हाई. पर घर त्येच्या बाचं हाय. त्यो निजला पायजे हितं."

परतीच्या वाटेवर खडकवासल्याच्या अलीकडे नीट रेंज आली आणि सुखदेवचा फोन खणखणायला लागला. राधा बाहेर बघत म्हणाली, "आईंना एक रात्र हवीय. आणि तुम्हाला ती देता येत नाही. किती मोठे साहेब झालात."

ती टोमणा मारत होती की नुसती दमली होती, हे त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही नीट कळत नसे.

दुसऱ्या दिवशी तो इंद्रजीतच्या केबिनमध्ये गेला. इंद्रजीत लहानपणी याच खोलीत गाड्या फिरवत खेळायचा आणि सुखदेवच्या खुर्चीखाली लपायचा.

"काका, एक दिवस काय, आठवडा घ्या ना," इंद्रजीत म्हणाला. "तुम्ही लीव्ह घेतच नाही, एचआरवाली मला विचारते हे काका रिअल आहेत का म्हणून. फक्त तो मॉर्निंग रीस्टार्ट बघा कोणाकडे देताय ते."

"तेच तर. कोणाकडे देऊ?"

इंद्रजीतने काचेतून बाहेर बसलेल्या मुलांकडे बघितलं. सार्थक कानात इअरफोनची बोंडं घालून डुलत होता.

"हां," इंद्रजीत म्हणाला. "काका, खरं सांगू का? ते सॉफ्टवेअर आता रिटायर करायला पाहिजे. मी माधवशेठना तीनदा नवीन डेमो दाखवला. ते म्हणतात, आहे तेच ठेवा, लाभलंय आम्हाला. आता लाभलंय याला मी काय उत्तर देऊ?"

माधवशेठ म्हणजे त्या रांगेतले सगळ्यात जुने अडते. ते ज्याला हो म्हणतील त्याला बाकीचे हो म्हणत. एक पहाट चुकली तरी लाल रेघ दाखवणारा प्रोग्राम या माणसाला कसा काय लाभला, हे कोडं सुखदेवला पहिल्यांदाच पडलं. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. यार्डात तो कितीतरी वेळा गेला होता, पण नेहमी सकाळी, रेघ आली की धावत. अडकलेल्या जोडण्या होत्या संध्याकाळच्या. संध्याकाळी तिथे काय चालतं, हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. समाधान ग्लास मागायला गाळ्यात जायचा. हा कर्वेनगरात बसून ग्लास मोजत होता.

त्या संध्याकाळी तो स्वारगेटवरून यार्डात गेला. बाजार उठला होता. गाळ्यांपुढे कांद्याची साल वाऱ्यावर फिरत होती आणि हमाल रिकाम्या गोण्यांवर आडवे झाले होते. माधवशेठ गादीवर टेकून बसले होते. पांढरा सदरा, टोपी, आणि समोर वाफाळता चहा.

"या सुखदेवराव. आज रेघ नाही, काही नाही, आणि तुम्ही कसे?"

"सहज आलो शेठ."

"सहज कोणी यार्डात येत नाही. बसा."

तो बसला. गप्पा झाल्या, म्हणजे शेठ बोलले आणि याने मान हलवली. मग दुकान वाढवायची वेळ झाली. दिवाणजीने शेवटची पट्टी छापून काढली, खुर्ची पुढे ओढली, आणि पडद्यावर एक नवीन पट्टी उघडली. शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात त्याने 'श्री' एवढंच लिहिलं. माधवशेठ उठले, मशीनला उदबत्ती ओवाळली, हात जोडले. दिवाणजीने पडद्याचं बटण दाबून तो काळा केला. मशीन चालूच राहिलं.

सुखदेव बघत राहिला. त्याने बाहेर येऊन शेजारच्या गाळ्यात डोकावलं. तिथेही उदबत्ती होती. पलीकडच्या गाळ्यातही.

"शेठ," परत येऊन त्याने विचारलं, "ती पट्टी कोणाची?"

"कोणती?"

"आत्ता उघडून ठेवली ती."

"ती होय. ती उद्याची." माधवशेठांनी टोपी नीट केली. "तुमच्या घरात तांदळाचा डबा पुरता रिता करतात का? मूठभर ठेवतातच ना तळाशी? तसं आहे ते. काम पुरतं संपवून उठायचं नाही. माझे वडील पट्टीबुकात शेवटी नुसतं श्री घालून ठेवायचे, खाली कोरं. उद्याच्या कामाला तोंड फुटलेलं असावं. माझं बघून मग सगळी रांग करायला लागली."

"आणि सकाळी?"

आता माधवशेठ थोडे पुढे वाकले. एरवी कोणालाही थांग न लागू देणारा हा माणूस क्षणभर लहान मुलासारखा दिसला.

"तेच तर तुमच्या मशीनचं आहे, सुखदेवराव. पट्टीबुकात ती सकाळी जशीच्या तशी असायची. तुमच्या मशीनमध्ये सकाळी बघावं तर नसते. रात्रीत उचललेली असते. रोज. एक दिवस खंड नाही. वडील असते तर म्हणाले असते, लक्ष्मी येऊन नेते. मी आपला तसं म्हणत नाही, लोक हसतील. पण तो इंद्रजीत नवीन काय काय दाखवतो, मी त्याला हेच सांगतो, आम्हाला हे लाभलंय."

सुखदेवच्या हातातला चहा निवत चालला. गुंता कुठे आहे ते त्याला आता लख्ख दिसत होतं, आणि ते दिसल्याचा जो आनंद व्हायला हवा तो होत नव्हता. पट्टीचा नंबर पान उघडताक्षणीच मिळायला हवा आणि नंबरात एकही खाडा पडता कामा नये, असा हट्ट माधवशेठांनीच सुरुवातीला धरला होता. म्हणून सुखदेवने पट्टी उघडल्यापासून छापेपर्यंत एक जोडणी तिच्यासाठी अडवून ठेवली होती. दिवसा ते ठीक चाले. पण रोज संध्याकाळी प्रत्येक गाळा एक पट्टी उघडून, श्री घालून, जोडणी मुठीत धरून घरी जात होता. सकाळी सगळे नव्याने मागायला आले की द्यायला उरत नव्हती. आणि पहाटे सुखदेव उठून सगळ्यांच्या मुठी सोडवायचा, तेव्हा ती अर्धी पट्टी पुसली जायची.

गप्प बसता आलं असतं. पण त्याला गप्प बसायचाही कंटाळा आला होता.

"शेठ," तो म्हणाला, "ती मीच उचलत होतो."

"काय?"

"ती पट्टी. रोज पहाटे घरून. अंधारात चष्मा शोधतो, मशीन बंद करून चालू करतो, तेव्हा ती जाते. न करावं तर लाल रेघ येते. रेघ येते तीही या पट्ट्यांमुळेच."

मग त्याने ग्लासांची गोष्ट पुन्हा सांगितली. दिवाणजी पडद्याकडे पाठ करून उभा राहिला, जणू त्याचा काही संबंधच नव्हता. उदबत्तीची राख मशीनवर पडली, ती माधवशेठांनी बोटाने टिपली.

"म्हणजे इतकी वर्षं," शेवटी ते म्हणाले, "लक्ष्मी म्हणून आम्ही जिला हात जोडतोय, ती तुमच्या घरात चष्मा शोधत बसलेली असते."

सुखदेवने मान खाली घातली.

"तरीच. बरकत आली, पण बेताचीच आली." माधवशेठांनी चहाचा पेला दूर सारला. "आता काय करायचं म्हणता? श्री घालायचं सोडायचं?"

"नाही शेठ. ते तुमचं तुम्ही करा. फक्त नंबर उघडताक्षणी नको. पहिल्या गोणीचं वजन पडलं की नंबर येईल. नुसत्या श्रीला नंबर नाही, जोडणीही नाही. खाडा पडणार नाही, हे माझ्यावर."

"आणि सकाळी ती कोण उचलणार?"

"कोणी नाही. ती मुळात कुठे लिहून ठेवलेलीच नसेल. सकाळी पान नव्याने उघडलं की आपोआप नसेल."

"आपोआप," माधवशेठ स्वतःशी म्हणाले. त्यांनी त्या शब्दाला जरा तोलून बघितलं. "बरं आहे. तुम्ही नेण्यापेक्षा आपोआप गेलेली बरी. पण एवढी घाई का? इतकी वर्षं झोपमोड केलीत, आणि आत्ताच का?"

सुखदेवने आईचं सांगितलं. थोडक्यात सांगायचं म्हणून सुरुवात केली, पण मग हंडा, मांडी, पाहुण्याची गाडी सगळंच आलं.

माधवशेठ उठले आणि चपला पायात सरकवत म्हणाले, "मग हे आधी नाही का सांगायचं? नंबरासाठी मी भांडलो असतो. आईच्या रात्रीसाठी कशाला भांडेन?"

बदल काही मोठा नव्हता. थोड्या ओळी खोडायच्या, थोड्या खाली न्यायच्या. ते त्याने ऑफिसातच दोन दुपारींत केलं, खालून मेसच्या आमटीचा वास येत असताना. मग पुढचे काही दिवस तो पहाटे उठे, पण हात लावत नसे. नुसता यादी बघत बसे. अडकलेल्या जोडण्या एक, कधी दोन, कधी एकही नाही. समाधानला फोन करून विचारी, "रेघ?" तो म्हणे, "न्हाई." तरी याचा विश्वास बसत नसे. काहीतरी आपल्या नजरेतून सुटलं असणार. आपण नीट केलेलं नीट राहतं, असा त्याचा अनुभव नव्हता.

"पूर्वी उठून निदान काहीतरी मारत होता," राधा म्हणाली. "आता उठून नुसतं बघायचं, हे काय नवीन?"

"बघायला नको?"

"बघा. पण शनिवारी आईंकडे राहायचंय. मी निरोप धाडलाय."

शनिवारी ते तिन्हीसांजेला वाडीत पोचले. खिंड उतरताना फोनमधली शेवटची काडी गेली. सुखदेवने गाडी थांबवली नाही, एवढंच. घरात गेल्यावर त्याने फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि सदरा खुंटीला अडकवला.

मथुराबाईने चूल पेटवली. नाचणीच्या भाकरी, घेवड्याची भाजी, आणि वर तांदळाचा भात. उरलेला तांदूळ राधाने पिशवीत भरायला घेतला तेव्हा सासू म्हणाली, "समदा नगं. मूठभर राहू दे डब्यात." सुखदेवने वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून जेवायला लागला. जेवणं झाल्यावर आईने बोचकं बांधून दाराशी ठेवलं, देवाचा टाक फडक्यात गुंडाळून उशाशी घेतला, आणि सांगितलं, "पहाटं उजाडायच्या आत निघायचं. ऊन वर आलं, की पाय निघत न्हाई."

"उठवावं लागणार नाही," राधा म्हणाली. "त्यांचं घड्याळ आतच बसवलंय."

सुखदेव वडिलांच्या जागी आडवा झाला. पत्र्यावर एखादं पान पडलं तरी आवाज होई. डोळे मिटले की लाल रेघ दिसे. कोणीतरी लवकर आलं असेल. एखादी जोडणी अडकली असेल. खिंडीत चढून जावं का, असा विचार त्याने केला, आणि चढायला पाय उचलतोय असं वाटत असतानाच त्याला झोप लागली.

जाग आली ती उकाड्याने. पत्रा तापला होता. दारातून आलेलं ऊन पायापर्यंत पोचलं होतं आणि कोंबड्या केव्हाच बाहेर पडलेल्या होत्या. तो दचकून उठून बसला, चष्मा चाचपायला लागला. चष्मा आईच्या हातात होता. ती नेसून-सवरून, बोचकं शेजारी घेऊन, त्याच्या उशाशी बसली होती. केव्हाची बसली होती कोण जाणे. दाराबाहेर राधा भांडी आवरत होती, अजिबात आवाज न करता.

"आये, का नाही उठवलं? पहाटे निघायचं होतं ना?"

"उठवायला आले व्हते," मथुराबाई म्हणाली. "तुजं तोंड बघितलं, आन् बसले."

"आता ऊन चढलं."

"चढू दे की. घरातनंच उठलास न्हवं? उशिरा उठलास, येवढंच." तिने चष्मा त्याच्या हातात दिला. "तोंड धू. च्या टाकते. चूल अजून इझवली न्हाई."

दुपार व्हायच्या सुमाराला त्यांनी दार ओढलं. मथुराबाईने कडी घातली, कडीला हात लावून तो कपाळाला नेला, आणि मागे न बघता गाडीत बसली. खिंड चढून वर आल्यावर सुखदेवच्या खिशात फोन थरथरला. तो एक मिनिट तसाच गाडी चालवत राहिला.

"बघा की," राधा म्हणाली. "आता लपवून काय?"

त्याने गाडी कडेला घेतली. यार्डातून एकच फोन येऊन गेला होता, पहाटेचा, समाधानचा. इंद्रजीतचा नव्हता, माधवशेठांचा नव्हता. त्याने उलट फोन लावला.

"रेघ आली का रे?"

"कशाची रेघ? बाजार झाला, उठला बी." समाधानच्या मागे ग्लास विसळल्याचा आवाज येत होता. "तुमचा फोन न्हाई आला सकाळी, म्हनून म्या लावला. म्हटलं, बरे हायेत ना."

"बरा आहे," सुखदेव म्हणाला. "झोपलो होतो."

पलीकडे क्षणभर पाणी वाहत राहिलं.

"मग झोपा की," समाधान म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.